ज्यूरीतून उठवलेली बाई

ज्यूरीच्या बाकावर फोटो हातोहात फिरत कामशातपर्यंत आला तेव्हा शेजारी बसलेल्या शाळामास्तरणीने तोंडावर रुमाल दाबला होता. कामशातने तो नीट धरून पाहिला. स्वयंपाकघराची फरशी, उलथलेली परात, सांडलेलं घोड्याचं मांस आणि त्या मांसातच पालथा पडलेला येरकिन. दुसऱ्या फोटोत त्याला उताणा केला होता. डाव्या बरगडीखाली एकच भोक. रक्ताचं कामशातला काही वाटत नव्हतं. बाजारात मांसाच्या ओळीत तिचा गाळा होता आणि तीस वर्षं ती घोड्याच्या बरगड्या सोलत आली होती. पण त्या भोकाकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"एकच वार!" सरकारी वकील बोट नाचवत म्हणाला. "घाबरलेली बाई दहा ठिकाणी भोसकते. हिनं खालून वर, थेट काळजात घातली सुरी. खाटकाची पोर आहे ही. कुठं खुपसायचं ते पक्कं ठाऊक होतं हिला."

काचेच्या पिंजऱ्यात येरकिनची बायको तोग्झान बसली होती. वय चोवीस, पदरी एक लहान मुलगी. हिवाळ्यासाठी घोडा कापला होता, ती मांस कापून आतड्यात भरत होती. नवरा पिऊन आला, चहा गार दिला म्हणून त्याने वेणीला धरून तिला पाडलं, छातीवर गुडघा रोवून गळा आवळला. सुरी हातात होतीच. एवढंच ती पहिल्या दिवसापासून सांगत होती.

सासू मात्र शपथेवर म्हणाली, "माझ्या लेकानं हिच्यावर कधी हातसुद्धा उचलला नाही." तोग्झानच्या दोन बरगड्या पूर्वी मोडून जुळल्या आहेत, असं डॉक्टरांच्या कागदात होतं. त्यावर सासूचं उत्तर तयार होतं, "घोड्यावरनं पडली होती."

ज्यूरी निवडली त्या दिवशी न्यायाधीशबाईंनी सगळ्यांना एक प्रश्न विचारला होता. कुणाच्या हातून मारहाण सोसलेली कुणी असेल तर हात वर करा. कामशातने हात मांडीवरच ठेवला. खोटं बोलावं असं तिच्या मनातही नव्हतं. ओराझने तिला बावीस वर्षं मारलं, पण तो नवरा होता, आणि त्यांच्याकडे नवऱ्याच्या हाताला मारहाण म्हणत नसत. शिवाय तो जाऊन चार वर्षं झाली होती. गेलेल्याची उणीदुणी कोण काढतं? त्याच्या नावाने दर शुक्रवारी सात पोळ्या तेलात तळायच्या आणि शेजारी वाटायच्या, अशी रीत होती. कामशातने एकही शुक्रवार चुकवला नव्हता.

सुनावणी सहा दिवस चालली. मग दहा ज्यूरी आणि न्यायाधीशबाई एका खोलीत बसले आणि दार बंद झालं. न्यायाधीशबाई चाळिशीच्या, चष्मेवाल्या. त्यांनी स्वतः सगळ्यांना चहा ओतून दिला. त्यांचंही एक मत होतं, म्हणजे मतं अकरा.

सेरझान नावाचा दांडगा बसचालक पहिला बोलला. "नवरा-बायकोत थोडंफार व्हायचंच. म्हणून काय माणूस कापायचा?"

"तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते," मास्तरणी म्हणाली.

"आणि आई काय पोराच्या मातीवर उभी राहून खोटं बोलेल?" सेरझानने विचारलं.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. तोग्झानच्या बाजूने मास्तरणी, शिवणकाम करणारी एक तरुण पोर आणि कामशात, अशा तिघीच निघाल्या. गुन्हा शाबित झाला तर पोरीची उमेदीची वर्षं तुरुंगात जाणार होती, आणि खोलीतल्या माणसांना घरी जाण्याची घाई झाली होती.

"उभ्यानं असा वार बसतच नाही," कामशात म्हणाली.

"कशावरनं?"

"मला सुरी कळते." तिने बूट काढले, टेबलावरचा चमचा उचलला, त्याचा दांडा पुढे धरला आणि सगळ्यांच्या पायांजवळ सरळ फरशीवर आडवी झाली. "ये रे सेरझान. गुडघा ठेव छातीवर आणि वेणी धर."

"आपा, वेड लागलं का तुम्हाला? माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही."

"तुझ्या आईलाही विचार कधीतरी. ये आता."

लोक हसले. सेरझानही हसत हसत गुडघ्यावर आला, त्याने वेणी मुठीत धरली आणि ओढली.

हसू तिथेच थांबलं. कामशातची हनुवटी झटकन गळ्यात गेली होती, डावं कोपर कानावर आलं होतं, गुडघे पोटाशी आले होते. हे तिने केलं नव्हतं, ते आपोआप झालं होतं. गुडघ्यांच्या धक्क्याने सेरझानचा तोल गेला, तो तिच्या अंगावर आला, आणि मधे अडकलेल्या उजव्या हातातल्या चमच्याचा दांडा त्याच्या डाव्या बरगडीखाली रुतला. तो कळवळून बाजूला झाला.

"बघितलंत? हिनं खुपसलं नाही," कामशात खालूनच म्हणाली. "तो पडला सुरीवर. सगळ्या वजनासकट."

चमच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे तिच्या कोपराकडे बघत होते. ते अजून कानावरच होतं.

"आपा, उठा," न्यायाधीशबाई हळूच म्हणाल्या. "कोपर असं धरायला कुठं शिकलात?"

कामशात उठून बसली आणि बूट ओढू लागली.

"विचार करून सांगा. मी इथं न्यायाधीश म्हणून बसलेय."

"अहो, नाटक करून दाखवलं आपांनी," सेरझान बरगडी चोळत म्हणाला. बिचाऱ्याने वाट काढून दिली होती.

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. खरं सांगितलं तर ज्यूरीतून उठवावं लागेल, हा बाईंच्या आवाजातला इशारा तिला कळला होता. पण नाटक म्हटलं की ते नाटकच राहणार, आणि ही माणसं चहा संपवून त्या पोरीला आत टाकणार.

"नाटक नव्हे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं शिकवलं. बावीस वर्षं. माझ्या तीन बरगड्या मोडल्यात. आमच्याकडंही घोड्यावरनं पडली असंच सांगायचे. मी जन्मात घोड्यावर बसले नाही, नुसता कापलाय." तिने डावी बाही वर ओढली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरट, वेडावाकडा व्रण होता. "असंच सोगिमचं, हिवाळ्यासाठी कापलेल्या घोड्याचं मांस कापत होते. त्यानं पाडलं, तेव्हा सुरी माझ्याही हातात होती. मी टाकून दिली. मग त्यानं उचलली."

शिवणाची पोर रडू लागली. सेरझान स्वतःच्या तळहाताकडे बघत बसला. त्यात वेणीचे दोन-चार पांढरे केस अडकले होते.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, आपा."

"मला वाटलं, परक्यांच्या माराविषयी विचारताय."

कायदा होता तसा होता. सगळ्यांना पुन्हा न्यायालयाच्या दालनात नेण्यात आलं आणि भरल्या दालनासमोर वाचून दाखवण्यात आलं, की ज्यूरीतल्या सात नंबरच्या बाईने पतीकडून झालेली मारहाण निवडीच्या वेळी सांगितली नाही, म्हणून तिला मोकळं करण्यात येत आहे. मागच्या बाकावर तिला न्यायला आलेला तिचा मुलगा दानियार बसला होता. तो कानापर्यंत लाल झाला. तिच्या जागी राखीव यादीतला, मोबाइल दुरुस्त करणारा एक पोरगा आत गेला. खोलीत काय घडलं ते त्याने पाहिलं नव्हतं.

दोन तासांनी निकाल आला. दोषी. सहा विरुद्ध पाच. नऊ वर्षं.

सासूने टाळी वाजवली. तोग्झान रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "माझी मुलगी कुणाकडं राहणार?" शिपायांनी तिला दंडाला धरून उचललं आणि नेलं. उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

पायऱ्यांवर सेरझानने कामशातला गाठलं. आतलं बाहेर बोलायची मनाई होती, तरी तो बोलला. "मी तिच्याच बाजूनं दिलं, आपा. अजून दोघं फिरले. पण त्या मोबाइलवाल्यानं उलटं दिलं. तुम्ही आत असता तर..." तो पायऱ्या उतरून गेला.

गाडीत बसताना दानियारने दार आपटलं. मग फुटलाच.

"काय मिळालं तुला? सगळ्या बाजारात अब्बांची अब्रू घालवलीस. मेलेल्या माणसाची! आणि ती पोरगी सुटली का? नाहीच ना?"

"नाही सुटली."

"मग? आणि मी तर कधीच काही बघितलं नाही घरात. एकदासुद्धा नाही."

"बघितलं नाहीस," कामशात म्हणाली. "तू टीव्हीचा आवाज मोठा करायचास."

चौकात लाल दिवा होता. तो हिरवा झाला. दानियार हलला नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, एक जण खिडकीतून डोकं काढून शिव्या द्यायला लागला. कामशात समोर बघत बसून राहिली. चल असं तिने त्याला म्हटलं नाही.