विहिरीला दाखवायचा दिवा

"आता बघा हं," म्हणून भीमाबाईंनी पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घातला आणि तिसरीचा अख्खा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. शाळेत विज्ञानाची पेटी त्याच आठवड्यात आली होती. तोवर हा धडा बाई नुसता वाचून दाखवत: जळायला हवा लागते, वहीत उतरवून घ्या, संपला विषय. स्वतःच्या डोळ्यांनी त्यांनीही तो कधी पाहिला नव्हता.

ज्योत लहान झाली, निळसर झाली आणि तिने मान टाकली. धुराची रेघ पेल्यात फिरत राहिली.

"बाई, कोणी फुकलं नाही, तरी काहून विझली?" पुढच्या बाकावरच्या पोरीने विचारलं.

उत्तर तोंडपाठ होतं. ते ओठांवर आलं. त्यांना बाप आठवला.

बाप विहिरी उपसायचा. उतरण्याआधी बादलीत दिवा ठेवून दोराने तळापर्यंत सोडायचा. दिवा विझला, की 'आज विहीरमाय नाही म्हणते' म्हणून दोर गुंडाळून घरी. कारण त्यालाही ठाऊक नव्हतं; तो आपला खरोखरच विहिरीला विचारायचा. छप्पन साली घराने दीक्षा घेतली, देव गेले. दिवा तेवढा राहिला, बापानंतर धाकट्या लहानूच्या हातात. गेल्या दसऱ्याला हे भीमाबाईंच्या कानावर आलं. घरात शिकलेल्या त्या एकट्या. भावाला त्यांनी असं फैलावर घेतलं की विचारू नका. "देव सोडले ना आपण? मंग विहिरीले दिवा काहून दाखवतं गा?" लहानू मान खाली घालून म्हणाला, "नाही दाखवत आता, ताई." दिलेला शब्द मोडणाऱ्यांतला तो नव्हता. आणि आता त्याचंच भय वाटत होतं.

कारण आज सकाळीच चहा पिताना तो सांगत होता, नंदनवन वस्तीत एक जुनी विहीर आहे, वर्षानुवर्षं फळ्यांनी झाकलेली. मालकाला उन्हाळा तापायच्या आत गाळ काढून हवाय, म्हणून आजच उतरायचंय.

भीमाबाईंनी मेणबत्ती आणि आगपेटी उचलली, शेजारच्या मुकुंद गुरुजींना वर्गाकडे बघायला सांगितलं आणि भर उन्हात रिक्षा केली. रिक्षावाला जीव तोडून पायडल मारत होता, तरी त्या त्याला सारख्या म्हणत होत्या, जरा चाल रे बाबा. देव सोडले ते चांगलंच केलं. पण दिवा कशाला सोडायला लावला मी? तो देवाचा नव्हताच मुळी.

विहिरीपाशी पोचल्या तेव्हा तिथे कोणी ओरडत नव्हतं. तेच वाईट होतं. काठावर लहानूच्या चपला होत्या आणि त्याचा जोडीदार बळीराम कमरेला दोर बांधत होता.

"आवाज देऊन राहिलो, बोलतच नाही तो," बळीराम म्हणाला. "चक्कर आली असंल. आणतो मी त्याले."

भीमाबाईंनी त्याचा हात धरला. भावाला आणायला निघालेल्या माणसाला आपण अडवतोय, हे त्यांना कळत होतं. त्यांनी बादलीत मेणबत्ती उभी करून पेटवली आणि दोर सोडायला सुरुवात केली. मालक आणि बळीराम वाकून बघू लागले. उजेड दगडांवरून खाली खाली गेला. अर्ध्या वाटेवर ज्योत लहान झाली, निळसर झाली, विझली.

"दोर सोड कमरेचा," त्या म्हणाल्या. "तुले लेकरं हायेत, बळीराम."

बळीरामने गाठ सोडली. मालकाने बोलावलेले बंबवाले येईपर्यंत कोणी उतरलं नाही. लहानूला त्यांनी संध्याकाळी वर काढलं. भीमाबाई तोवर रिकामा दोर हातात धरून तिथेच उभ्या होत्या.

उन्हाळ्यानंतर शाळा भरली, नवी तिसरी आली, तो धडाही आला. भीमाबाईंनी पेला पालथा घातला. ज्योत बारीक व्हायला लागली तशी त्यांनी तो झटकन उचलला.

"बाई, विझू तर द्या," पोरं कुरकुरली.

"विझते," बाई म्हणाल्या. "मी पायलं हाये."

आणि पेला पदराने पुसून त्यांनी पेटीत ठेवला.