पायलट गाडी आली रे!

"सौंदड ते तिरोडा रस्ता माह्या तळहातावर हाय. मले कोणी थांबवून दाखवावं!" असं मी चहाच्या टपरीवर सांगून निघालो. माही जीप पुढं रस्ता मोकळा कराले, आन मागून येणाऱ्या ट्रेलरवर सोळा फूट उंच ट्रान्सफॉर्मर होता. त्याले खरचटलं तर माही नोकरी गेली, असं मालकानं बजावलं होतं.

अर्ध्या तासात एका गावानं मले थांबवलं. रस्त्यावर बारा फुटांची स्वागत कमान होती. लाल झेंडा, फिरता दिवा आन 'पायलट' लिहिलेली जीप पाहून बँड सुरू झाला. गावात मंत्री येणार होते, आन मंत्र्याच्या पुढंही पायलट गाडीच राहते. सरपंच पुष्पाबाईनं मले ओवाळलंसुद्धा.

"बाई, कमान काढा! मागून लय मोठं येऊन रायलं!"

"मोठे हायेत म्हणूनच त लावली ना भाऊ!"

"अवो, सोळा फूट उंच हाय!"

"साहेब?"

"ट्रान्सफॉर्मर!"

बँड थांबला. पुष्पाबाईच्या डोळ्यात पाणी आलं. "चार वर्षं झाले गावाले ट्रान्सफॉर्मर मागून! आला रे पोट्टेहो! काढा ते कमान!"

दोन मिनिटांत कमान खाली आली. मंत्र्याचा हार ट्रान्सफॉर्मरले पडला. तो तिरोड्याचा हाय, हे मी काऊन सांगू? हात जोडले आन हळूहळू निघालो.

गाव मागं पडलं. ट्रान्सफॉर्मरले ओरखडाही नव्हता. माहा जीव भांड्यात पडला. खात्री कराले मी खिडकीतून मान काढून मागं पाह्यलं, आन जीप रस्ता सोडून धानाच्या बांधीत, शेतातच गेली.