बोंबलांच्या ढिगाला शून्य

तलासरीत कॉलेजच्या मुलांना फंक्शनल प्रोग्रामिंग कुठून आलं ते सांगायला मला बोलावलं होतं. टिपणं काढताना ‘लिस्प, १९५८; अल्गोल, १९६०’ एवढी दोन जुन्या संगणक-भाषांची नावं लिहिली आणि हात थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकट्या डहाणूला सुदामकडे गेले.

१९७४ साली मी मुंबईत फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकवत होते. सुदाम माझ्या वर्गात होता. परीक्षेत मी आकडे चढत्या क्रमाने लावणारा प्रोग्राम विचारला. त्याच्या घरच्या बायका सुके बोंबील निवडत, तसाच त्याने तो लिहिला. एक बोंबील हातात धरायचा, त्याहून लहान एका बाजूला, मोठे दुसऱ्या बाजूला. मग त्या दोन्ही ढिगांचं पुन्हा तेच. म्हणजे त्याचं फंक्शन स्वतःलाच बोलावत होतं. आमच्या फोरट्रानमध्ये ते चालत नसे. मी शून्य दिलं, वर सगळ्यांदेखत म्हटलं, “यंत्र असा विचार करत नाही.” मुलं हसली. सुदाम पुन्हा वर्गात आला नाही.

मी पोहोचले तेव्हा तो अंगणात बोंबील निवडत बसला होता, शेजारी सून कल्पिता.

“बाई? अजून चालता-फिरता काय?”

“तुझं उत्तर बरोबर होतं, सुदाम,” मी उभ्यानेच म्हटलं. “लिस्पमध्ये ते पहिल्यापासून चालायचं. अल्गोलमध्येही. परवा तलासरीच्या मुलांना हेच सांगणार आहे.”

“पन्नास वर्षांनी निकाल लागला, पप्पा,” कल्पिता म्हणाली.

तो हसला नाही. “तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

या प्रश्नाचं उत्तर मी रिक्षातच ठरवून ठेवलं होतं: नाही, नंतर कळलं.

“होतं,” मी म्हटलं. “आदल्याच वर्षी वाचलं होतं. पण अभ्यासक्रमात नव्हतं. आणि वर्गात कोणी मला विचारलं असतं तर नीट समजावता आलं नसतं.”

हातातला बोंबील त्याने कुठल्याच ढिगात टाकला नाही.

“मला वाटलं, आपलं डोकंच या कामाचं नाही. दुसऱ्या भाषेत हे चालतं एवढं तुम्ही सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी परीक्षेला परत बसलो असतो.”

माफीचं वाक्य मी पाठ करून आले होते. ते सोडून मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

“कल्पिता, बाईंना चहा कर,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, “तलासरीच्या पोरांना शून्य कोणी दिलं तेपण सांगा.”

तलासरीत मी तेही सांगितलं. कोणी हसलं नाही. मुलं हसली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.