शिदोरीची किल्ली

माझी बायको प्रियदर्शनी गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला अतुल आला, जेवला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या फाउंड्रीच्या गेटवर हजर झाला. शिरोली एमआयडीसीत मी लोखंड वितळवायची भट्टी सांभाळतो.

"काका, पेनड्राइव्ह आणलाय न्हवं?"

"आणलाय. आत ये."

अतुल प्रियदर्शनीचा विद्यार्थी. ती कॉलेजात संगणक शिकवायची. स्कीम नावाची प्रोग्रामिंगची भाषा आहे. त्या भाषेत इतरांनी लिहिलेले तयार भाग आपल्या संगणकावर आणून बसवणारा प्रोग्राम तिने केला होता. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. तिने नाव ठेवलं शिदोरी. परदेशातले लोकही तो वापरतात. नव्या आवृत्तीवर तिची डिजिटल सही नसेल तर कुणाचाही संगणक ती घेत नाही. त्या सहीची किल्ली, म्हणजे सही करायची गुप्त फाइल, या एका पेनड्राइव्हवर होती. प्रत केली की चोरी होते म्हणून तिने प्रत ठेवली नव्हती.

"मला काही झालं तर हे अतुलला द्या," असं ती दवाखान्यात म्हणाली. हाताला सलाइन, मांडीवर लॅपटॉप. अतुलचा फोन चालूच. "मॅडम, एवढं बघा की, मग झोपा." ती उलटी करून यायची आणि परत बघायची. शेवटी मी फोन काढून घेतला. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. ते परत सुरू व्हायच्या आत ती गेली.

भट्टीकडे चालताना अतुल सांगत होता, "आधी बसवताना मधेच लाइट गेली तर जुनं मोडायचं आन् नवंबी यायचं न्हाय. आता मी केलेल्या नव्या आवृत्तीत पुरं बसलं तरच बदलतंय, न्हायतर जुनं हाय तसंच. निस्ती सही राहिलीया."

"तिनं बघितलं व्हय?"

"चालवून दाखवलं की दवाखान्यात, तुम्ही डबा आणायला गेलता तवा. लई हसल्या."

भट्टीत लोखंड पातळ झालं होतं. मी पेनड्राइव्ह आत टाकला. थोडा धूर झाला.

"काका, ते दुसरं कायतरी होतं न्हवं?"

"न्हाय."

तो वाळूच्या ढिगावर बसला. "शिदोरी संपली, काका. लोकं ती काढून दुसरं कायतरी घेतील. मॅडमनी काय केलतं ते कोण इचारणार न्हाय."

"नको इचारू दे."

"तुम्ही त्यांचंच मारलंसा."

"तुझंबी मेलं की."

तो रडायला लागला. मला बरं वाटलं. सुपरवायझर आला आणि हा कोण म्हणून विचारलं.

"पावणं हाय," मी म्हणालो. "गेटपातूर सोडा त्याला. हितं त्याचं काय काम न्हाय."