गंगाबाईचा जिताडा

विचुंबे गावातल्या तळ्यात एकच जिताडा मासा उरला होता, आणि गंगाबाईला तो जिवंत खाडीत सोडायचा होता.

सहा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, काशिरामने, खाडीतली बोटाएवढी पिल्लं डब्यातून आणून घरामागच्या तळ्यात टाकली होती. पूर्वी घरोघरी असंच करत आणि लग्नकार्याला वाढलेला मासा काढत. त्या साली तीनच पिल्लं मिळाली. नंतर कुणालाच मिळाली नाहीत. दोन मासे मुलीच्या हळदीला गेले. मग काशिरामही गेला. उरलेला जिताडा हातभर वाढला. गंगाबाई धुणं आपटू लागली की काठाशी यायचा. "एवढा वाढला की ती मादीच," काशिराम सांगायचा. "खाडीच्या तोंडाला पोचली ना, तर लाखांनी अंडी घालंल."

आता तळं बुजवून तिथे इमारत उठणार होती.

"आये, पुढल्या आठवड्यात डंपर येतील," मुलगा कल्पेश म्हणाला. "जिताडा बिल्डरसाहेबाला देऊ. असला मासा त्याने बघितला पन नसंल."

"मी तिला खाडीत सोडनार."

"दुसऱ्या दिवशी कुनाच्या तरी जाळ्यात घावंल."

"घावू दे. तुज्या साहेबाच्या ताटात मी नाय वाढनार."

गंगाबाई कधी आवाज चढवत नसे. एवढं बोलणं कल्पेशला पुरलं. पण त्याच्या दोस्तांचा तिला भरवसा नव्हता, म्हणून मासा सोडायला तिने एकादशी निवडली. त्या दिवशी तिच्या घरात मासळीला कुणी विळी लावत नसे.

एकादशीला सकाळी तुळशीला पाणी घालून ती तळ्यावर आली. शेजारच्या हरेशने टेम्पो आणला. निळ्या पिंपात तळ्याचं पाणी, त्यात ती जिताड्याची मादी, वर ओला गोणपाट. गंगाबाईने तिच्या डोक्याला हळदकुंकू टेकवलं.

"काकी, पोरगी सासरी चाल्ली काय?" हरेश हसला.

"माहेरी," ती म्हणाली.

खाडीच्या जुन्या धक्क्यावर पोचले तेव्हा नऊ वाजले होते. पाणी दिसेना. नजर जाईल तिथवर चिखल, चिखलात प्लास्टिकच्या पिशव्या, आणि पार पलीकडे पाण्याची एक मळकट रेघ. धक्क्यावर एक म्हातारी कोळीण, सत्यवती, खुबे-शिंपल्या निवडत बसली होती.

"बाय, भरती कवा येल?" गंगाबाईने विचारलं.

"आलीय की. हीच भरती."

"एवढीशीच?"

"एकादशी ना आज? भांगाचं पानी ते, चढतच नाय. त्यात हा गाळ. पुनवेला आनायची व्हतीस. पुनवेला या दगडाला लागतं पानी."

गंगाबाई पिंपाला धरून उभी राहिली. वर्षाची एकेक तिथी तिला पाठ होती. कधी काय सोडायचं, कधी काय खायचं. त्याच तिथ्या काशिराम पाण्यासाठी मोजायचा. चाळीस वर्षं दोघांचं एकाच पंचांगावर चाललं, पण तो काय मोजतो ते तिने कधी विचारलं नव्हतं. आणि डंपर यायला अजून आठवडा होता. चार दिवस सहज थांबता आलं असतं.

हरेशने मासा गोणपाटात घेऊन चिखलात पाय टाकला. तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत रुतला. दोघी बायांनी दोरी टाकून त्याला ओढला, मासा परत पिंपात घातला. पिंपातलं पाणी तापलं होतं.

"पुढं न्हावा बंदराकडं नेऊ?" हरेश धापा टाकत म्हणाला.

"तवर टिकायची नाय," सत्यवती म्हणाली. "बग, कुशीवर झाली."

गंगाबाई तांब्याने तिच्या कल्ल्यांवर पाणी सोडत राहिली. कल्ले उघडत, मिटत. मग मधे फार वेळ जाऊ लागला, शेवटी ते उघडेनात. तोंडातलं देवाचं नाव कधी थांबलं ते तिला कळलं नाही. तांब्या मात्र भरत होता, रिता होत होता.

"काकी," हरेश हळूच म्हणाला, "आता घरी न्यायची काय? उद्या तर दुवादशी..." तिच्या तोंडाकडे बघून त्याने दोरी गुंडाळायला घेतली.

सत्यवतीने ओल्या बोटांनी माशाची पाठ चाचपली. "दहा वर्सांत एवढी बगितली नाय गो मी."

गंगाबाईने मासळीला गोणपाटात गुंडाळलं आणि धक्क्याच्या पायथ्याशी, हात पोचला तिथे, गाळात लोटलं. खाडीत हात धुण्याएवढंही पाणी नव्हतं. तिने ते लुगड्याला पुसले.

"पुनवेला किती वाजता चढतं पानी?"

"बाराच्या सुमाराला. आता कशाला ते?"

"येन मी," गंगाबाई म्हणाली. "किती वर येतं, बगायला."