कपाट सरकवणारी

शिवणाचा क्लास बंद करून परदेशी येऊन वर्ष होत आलं, तरी नवरा तिला मास्तरीणच म्हणायचा. यायचा हट्टही तिचाच. नवरा इस्पितळात नर्स. इकडची नोकरी चालून आली तेव्हा तो चालढकल करत होता, हिनेच मानगुटीवर बसून त्याला हो म्हणायला लावलं. आता तो कामात रुळला, लेक शाळेत रुळली, आणि जिने दोघांना ओढून आणलं तिचंच इथे बूड टेकेना.

दोघं सकाळी बाहेर पडली की घर खायला उठायचं. तिकडे तिच्या हाताखाली खोलीभर बायका असायच्या. कुणाची बाही उलटी लागायची, कुणाचा गळा वाकडा कापला जायचा, आणि ती सगळ्यांना पुरून उरायची. इथे हात नुसते शिवशिवायचे. मग ती कपाट सरकवायची. खिडकीजवळचं दाराजवळ, दाराजवळचं पलंगाशी. घरमालकाचं जडशीळ कपाट. पाठ लावून रेटलं की लाकडी जमिनीवर असं करकरायचं की दात आंबावेत. नव्या जागी ते दोन दिवस बरं दिसायचं, मग तिथेही डोळ्यांत खुपायला लागायचं.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहायची. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेली, रुंद खांद्यांची बाई. लेकीच्या शाळेला सुट्टी होती त्या एका दुपारी ती वर आली. मास्तरणीला इथली भाषा भाजी घेण्यापुरती येत होती, त्यामुळे दुभाष्याचं काम लेकीकडे. म्हातारी बरंच काही बोलली. लेकीने एवढंच सांगितलं की आवाज होतो म्हणतात.

मास्तरणीचा पारा चढला. "सांग त्यांना, दिवसाढवळ्या माझ्या घरात काय हलवायचं ते मी ठरवीन."

लेक हळू आवाजात बोलत राहिली. आणि नवल म्हणजे म्हातारीचा चेहरा एकदम निवळला. तिने मास्तरणीचा हात दाबला आणि निघून गेली. मास्तरीण खूश. चांगलं खडसावलं म्हणून रात्री नवऱ्यालाही सांगून झालं.

पण त्यानंतर म्हातारी जिन्यात भेटली की पिशवी हातातून काढून घ्यायची, लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलायची. एकदा सूपही ठेवून गेली. मग एका सकाळी ती शेजारच्या बाईशी कुजबुजताना मास्तरणीने ऐकलं, आणि त्यातला एक शब्द तिला नेमका कळला. नवऱ्याच्या कामामुळे तो शब्द घरात रोज कानावर पडायचा. आजारी.

संध्याकाळी लेकीची वेणी घालता घालता तिने विषय काढला. लेकीने हातातली रिबीन बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "मी सांगितलं, आईला बरं नाही, म्हणून ती सामान हलवते."

"धडधडीत खोटं? माझ्या तोंडावर?"

"तू बोललीस ते सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. जिन्यात त्या मलाच भेटतात." तिने मान वळवून आईकडे पाहिलं. "आणि मला खरंच वाटतं, तुला बरं नाही."

मास्तरणीने वेणी पुरी केली. रात्रभर तिला ते वाक्य टोचत राहिलं. राग करावा तर पोरीने घर सांभाळून घेतलं होतं. आणि न करावा, तर मग ती म्हणाली ते खरं मानायचं का?

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत चार शब्द घोकत राहिली. मग खाली जाऊन दार वाजवलं. दार उघडताच पाठ केलेलं सगळं उलटसुलट झालं. तोडक्यामोडक्या भाषेत ती म्हणाली, "मी आजारी नाही. कपाट, मी. आवाज, मी. माफ करा."

म्हातारीने दार पूर्ण उघडलं. मग तिने एकच शब्द विचारला, "का?"

मास्तरणीने नुसते आपले दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "काम नाही."

म्हातारीने तिला आत घेतलं. खुर्चीत बसली, हवेतच बसचं मोठं चाक धरलं, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, पायाने ब्रेक दाबला. मग बोट स्वतःकडे करून मान हलवली. निवृत्त झाल्यावर ती बाई याच खुर्चीत बसून असं करायची, हे कळायला भाषा लागली नाही. दोघी हसल्या, आणि हसता हसता मास्तरणीचे डोळे भरून आले.

त्या दुपारी दोघी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आल्या. सगळ्या वाटेत म्हातारी चालकाच्या मागे बसून त्याच्या चुका काढत होती, आणि मास्तरणीला एक अक्षर न कळताही सगळं कळत होतं. घालमेल गेली असं नाही. घरी आल्यावर तिची नजर कपाटाकडे गेलीच. पण पाय दुखत होते, म्हणून ती बसली.

लेक शाळेतून आली तेव्हा तिने खाली जाऊन बोलून आल्याचं सांगितलं.

"एकटी? कुणी सांगितलं मग त्यांना सगळं?"

"मीच."

लेकीचं तोंड जरा उतरलं. "चुकली असशील खूप."

"खूप," आई म्हणाली. "तू शिकव."