जावयाचा उंच चेंडू

इशबेल गेडिसच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: गोल्फचा चेंडू जमिनीलगत मारणारी आणि आभाळात उडवणारी. दुसऱ्या जातीचं पिटड्रुमीच्या किनाऱ्यावर कामच काय? इथला वारा उंच गेलेला चेंडू उचलतो आणि मेंढरांत नेऊन टाकतो. तिचा जावई क्रिस्पिन त्याच जातीचा, त्यातून लंडनचा. गोल्फ शिकला तोसुद्धा छपराखाली, चटईवर!

पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. गावच्या चांदीच्या पेल्यासाठी जोडीनं खेळायचं, एकच चेंडू दोघांनी आळीपाळीनं मारायचा, आणि जोडीदार घरातलाच हवा. इतकी वर्षं नवरा डूगल होता. पेला त्यांच्याच खिडकीत असायचा, डूगल त्यात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचा. हिवाळ्यात डूगल गेला. लेकीनं तर जन्मात काठी हातात धरली नव्हती. आता हरलो तर पेला नणंदेच्या घरी. नेटा त्यात प्लास्टिकची फुलं खोचणार!

म्हणून ती जावयाला घेऊन किनाऱ्यावर उतरली.

"बुटक्या फटक्याच्या तीन इयत्ता," ती म्हणाली. "पहिली शेंबड्या पोरांची. पटर, म्हणजे ढकलायची काठी, घ्यायची आणि लांबूनच चेंडू घरंगळत सोडायचा. दुसरीत चेंडू उजव्या पायाशी, हात पुढे, आणि काठी कमरेशी थांबवायची. झेंडा फडकवल्यासारखी वर न्यायची नाही. समजलं, जावईबापू?"

"आणि तिसरी?"

"ती डूगलची. लांब लोखंडी काठीनं, गुडघ्याच्या उंचीनं, सणसणत. तू अंथरूण पाहून पाय पसर."

क्रिस्पिननं मारला. चेंडू आभाळात.

"सॉरी, आई."

"जोडीच्या खेळात सॉरी म्हणत नाहीत! काय ही लंडनची खोड! शिंक आली तरी सॉरी."

बिचारा आठवडाभर शिव्या खात राहिला. शेवटी दुसरी इयत्ता कशीबशी पास झाला. इशबेल म्हणाली, "दगडाला पाझर फुटला म्हणायचा."

अंतिम सामना नेटा आणि तिचा नवरा आर्ची यांच्याशीच पडला. शेवटच्या होलवर बरोबरी, वारा थेट तोंडावर. क्रिस्पिननं पहिला फटका बुटका, सरळ मारला. "चालेल," इशबेल म्हणाली, म्हणजे बरा होता. नेटा-आर्चीचा चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर, होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर, पोचला. आता पाळी इशबेलची.

"वहिनी, पटरच घे ग," नेटा लाडानं ओरडली. "वय झालं आता. घरंगळेल हळूहळू."

इशबेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं डूगलची लोखंडी काठी ओढली.

"आई, दुसरी इयत्ता पुरेल इथं," क्रिस्पिन हळूच म्हणाला.

"काल चटईवरून उठलास, आज मला शिकवतोस?"

काठी फिरली. मनगटं मात्र वेळेवर फिरली नाहीत. चेंडू बुटका गेला खरा, पण वाकडा, आणि ग्रीनच्या अलीकडच्या वाळूच्या खोल बंकरमध्ये घुसला. नेटानं तोंड फिरवून हसू लपवलं, म्हणजे सगळ्यांना दिसेल असं लपवलं. खिडकीतला पेला गेला, इशबेलला वाटलं. डूगल गेला आणि त्याच्या मागोमाग तोही चालला, माझ्याच माजामुळे. तिच्या तोंडून शब्द निसटला.

"सॉरी."

क्रिस्पिननं भुवया उंचावल्या. "जोडीच्या खेळात सॉरी म्हणत नाहीत, आई," तो थेट तिच्याच सुरात म्हणाला, आणि खड्ड्यात उतरला.

समोर वाळूची भिंत, त्याच्या छातीएवढी. बुटका फटका इथं काय कामाचा? त्याला उरलं होतं ते छपराखाली शिकलेलं. चेंडू वाळूसकट उडाला, सरळ आभाळात. इशबेलनं डोळे मिटले. चेंडू झेंड्याच्या पुढे गेला, वाऱ्यानं त्याला मागे ढकललं, आणि तो होलपासून हातभर अंतरावर येऊन बसला.

मग आर्चीनं ढकललेला चेंडू होलच्या बराच पुढे पळाला, नेटानं परत मारला तर काठावरून परतला. इशबेलनं आपला शांतपणे आत ढकलला. एका फटक्यानं पेला वाचला.

"वाऱ्यानं केलं सगळं," ती जावयाला म्हणाली. "फुशारकी मारू नकोस."

नावं कोरणारा म्हातारा टॅम क्लबात अवजारं घेऊन बसलाच होता. त्यानं पेला फिरवून बघितला.

"जावयाचं नाव कुठं घालू? मागची बाजू अख्खी मोकळी आहे, इशबेल."

"मागे कशाला?" तिनं पेला ओढून घेतला आणि बोट टेकवून जागा दाखवली. "इथं. डूगलच्या खाली, अगदी चिकटून."

टॅम बघतच राहिला.

"बघतोस काय? आणि अक्षर बारीक काढ. त्याच्या डोक्यात हवा जायला नको."